लॉगिन न करता परत जाणारा

“लॉगिन न करता रोज कोण येऊन जातं, म्हणालास?” मुजावर सरांनी विचारलं.

“नाव नाही, सर. नुसता कुठल्याशा मशीनचा पत्ता. येतो, कनेक्शन उघडतो, बंद करतो, जातो. एक फाइल ठेवत नाही की नेत नाही. दर थोड्या वेळानं तेच! सर्व्हरचा सगळा लॉग, आल्यागेल्याची नोंद, त्यानं भरलाय.”

“मग?”

“सकाळीच अडवला त्याला.” उन्मेष तांबटची मान ताठ झाली. “आता बघा. लॉग कसा स्वच्छ आहे.”

मिरजेतल्या एका इस्पितळाचा तो सर्व्हर. घाटाखालच्या दवाखान्यांतले स्कॅन त्यावर यायचे आणि इथले डॉक्टर ते वाचायचे. सरांनी तो उभा केला होता. त्यांच्या हाताखाली शिकायला मिळावं म्हणून उन्मेष पुण्याची नोकरी सोडून आला होता.

सरांनी पडद्याकडे पाहिलं.

“फारच स्वच्छ आहे...”

तेवढ्यात फोन वाजला. वरच्या मजल्यावरून डॉक्टर सबनीस बोलत होत्या. झाडावरून पडलेल्या बाईच्या डोक्याचा स्कॅन घाटाखालच्या दवाखान्यानं केव्हाच पाठवलाय म्हणतात, इथे पत्ता नाही. बाई शुद्धीवर नाही.

उन्मेषनं लॉग वरखाली केला. सकाळपासून एकही फाइल आली नव्हती.

“सर, सर्व्हर तर चालू आहे!”

सर उठले, बाहेर गेले, दार ओढून घेतलं.

टकटक.

“या ना, सर!”

...

टकटक.

“सर, या ना! मी आहे आत!”

पावलं लांब गेली.

उन्मेष दाराकडे बघत राहिला. आणि एकदम उमगलं. लॉगमधल्या त्या पत्त्याला आत यायचंच नव्हतं. आत कुणी आहे का, एवढंच विचारायचं होतं. खालून आलेल्या फायली त्या त्या दवाखान्याच्या नावानं पुढे ढकलणारं मशीन ते. उत्तर मिळालं तरच ते फाइल सोडणार.

त्यानं घाईघाईनं बंदी उठवली.

कनेक्शन उघडलं. कनेक्शन बंद.

इतकी सुंदर ओळ त्यानं आजवर वाचली नव्हती.

मागोमाग फायली आल्या, सकाळपासून खोळंबलेल्या सगळ्या. डॉक्टर सबनीसांचा निरोप आला: मेंदूत रक्तस्राव आहे, बाईंना इकडेच आणताहेत, शस्त्रक्रियेची तयारी चालू आहे. संध्याकाळी कळलं, बाईंनी डोळे उघडले.

सर चहा घेत बसले होते. सकाळपासून एका शब्दानं रागावले नव्हते. उन्मेषला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. तो वाकून त्यांच्या पाया पडला.

“सर, एक विचारू? उद्या खरंच कुणी वाईट हेतूनं आलं, तर त्याला ओळखायचं कसं?”

सरांनी कप खाली ठेवला.

“तो आपल्यातल्याच कुणाचं नाव सांगून आत येईल.”