साठ म्हणजे साठच

डोंगरपायथ्याच्या एका गावात एक मापारी राहत असे. धान्य मापणारे मापारी गावोगाव असतात. हा तळ्यातलं पाणी मापायचा. दिवाळी सरली की तो तराफ्यावर बसून तळ्यात जाई आणि दगड बांधलेला दोर ठिकठिकाणी सोडून पाण्याची खोली घेई. तळं म्हणजे काही चौकोनी पेटी नव्हे. काठाशी गुडघाभर पाणी, तर मध्यावर दोन पुरुष खोल. म्हणून तो खोलीची सरासरी काढी, तिला लांबी-रुंदीनं गुणी, उन्हानं उडणारं आणि गुराढोरांना लागणारं पाणी वजा करी. मग पारावर येऊन यंदा किती बिघे गहू भिजेल ते सांगे.

हिशेबात तो पक्का होता, स्वभावानं मात्र भित्रा. पाणी कमी पडलं तर लोक आपल्या नावानं खडे फोडतील, या धास्तीनं तो दरवर्षी चौथा हिस्सा गुपचूप हातचा राखायचा. शंभर बिघ्यांचं पाणी असलं की पंचाहत्तर सांगायचा. यात गावाचं भलंच आहे, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

पण गाव काही दुधखुळं नव्हतं. दर उन्हाळ्यात तळ्यात पाणी उरतं हे लोकांनी पाहिलं, आणि मापारी पंचाहत्तर म्हणाला की ते मनातल्या मनात शंभर धरू लागले. मापारी चोरून कमी करी, गाव चोरून वाढवी, आणि गहू झकास पिके. अशी कित्येक वर्षं सुखात गेली.

मग एका पावसाळ्यात डोंगराची कड खचली आणि सगळी माती तळ्यात उतरली. वरून तळं नेहमीसारखंच काठोकाठ दिसत होतं. मापाऱ्यानं दोर सोडला, तर मध्यावरही जेमतेम पुरुषभर पाणी. त्यानं पुन्हा पुन्हा हिशेब केला. पाणी साठ बिघ्यांपुरतंच होतं. एवढ्याशातून आणखी काय राखायचं, असं वाटून त्यानं पहिल्यांदाच खरा आकडा सांगितला.

लोक ऐंशी बिघ्यांचं बियाणं काढायला उठले. ते पाहून मापारी लगबगीनं आडवा आला.

"या खेपेला साठ म्हणजे साठच धरा," तो म्हणाला. "तळ्यात गाळ भरलाय."

"मापारीबाबा," पाटलांनी शांतपणे विचारलं, "मग आजवर तुम्ही सांगितलेला आकडा खरा नव्हता का?"

'नव्हता' एवढा एक शब्द पुरेसा होता. पण इतक्या वर्षांचा मान त्या एका शब्दात जाणार होता. मापाऱ्यानं डोईचं पागोटं सारखं केलं.

"खराच होता," तो म्हणाला.

"मग यंदाचाही तसाच खरा," पाटील म्हणाले, आणि गावानं ऐंशी बिघे गहू पेरला. नेहमीसारखं खोटं बोलून पंचेचाळीस सांगितले असते, तर गावानं साठच पेरले असते, हे मापाऱ्याला घरी जाताना उमगलं. तरी तो मागे फिरला नाही.

पाणी सगळ्या शेतांना सारखं वाटायची गावाची रीत. त्यामुळे वीस नव्हे, ऐंशीच्या ऐंशी बिघ्यांचं शेवटचं पाणी चुकलं. ओंब्या धरल्या, पण दाणा पोचट राहिला. होळीनंतर गुरं पाण्यासाठी परगावी न्यावी लागली. ती दारावरून जाताना बघवेना, तेव्हा मापारी पाटलांकडे गेला आणि त्यानं सगळं कबूल केलं.

"हे आम्हाला कधीचंच ठाऊक होतं," पाटील म्हणाले. "त्या दिवशी तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

पुढच्या दिवाळीनंतर मापाऱ्यानं पारावर येऊन अगदी खरा आकडा सांगितला. लोकांनी तो आदरानं ऐकून घेतला. मग दोन गडी दोर घेऊन उठले आणि तळं पुन्हा मोजायला गेले.

तात्पर्य: भल्यासाठी का होईना, एकदा खोटं माप दिलं की पुढं खरं मापही कुणी खरं मानत नाही.