सतरावी चप्पल

चपला माणसांपेक्षा जास्त बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. देवळात कीर्तन चाललं होतं आणि श्रोत्यांच्या चपला बाहेर पायरीवर बसल्या होत्या. कोल्हापुरी जोडीने सगळ्यांना मोजलं.

"सतरा," उजवी कोल्हापुरी म्हणाली. "जोड्यांची बेरीज नेहमी सम येते. सतरा विषम आहे. म्हणजे कुणीतरी उपरी घुसली आहे."

कडेला एकच निळी चप्पल होती. "तुझी दुसरी कुठे गं?" डावीने विचारलं. "हिलाच ढकला गटारात."

सगळ्या पुढे सरकल्या. निळीचा पट्टा रागाने ताठ झाला.

"विषम आकड्यावरून एवढंच कळतं की कुणीतरी एकटी आहे. ती उपरी आहे, हे कसं ठरवलंत? आत पाय किती आहेत, ते विचारलंत का? माझ्या मालकिणीला एकच पाय आहे. मी अर्धी नाही, पुरी आहे."

सगळ्या पुन्हा आपापल्या जागी सरकल्या. कीर्तन संपलं. अनसूयाबाई कुबड्या टेकत सर्वांत आधी बाहेर आल्या आणि निळी त्यांच्याबरोबर ऐटीत गेली.

"आता सोळा. सम," उजवी म्हणाली. "आता कसलीच काळजी नाही."

गर्दी निघाली. एक विसरभोळे मास्तर घाईघाईने चपला चढवून गेले. शेवटी पायरीवर दोनच चपला राहिल्या. एक उजवी कोल्हापुरी होती आणि दुसरी मास्तरांची डावी रबरी. कोल्हापुरीचे मालक बाहेर आले आणि दोघींकडे बघत अनवाणी उभे राहिले.

या वेळी कोल्हापुरीने आकडा सांगितला नाही.