खेळाच्या डब्याची वर्गणी

पळसगावच्या तात्यासाहेब देशमान्यांनी टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा घेतला, डब्यात खेळायचा फुटबॉल घेतला, बंगल्यापर्यंत इंटरनेटची तार ओढून घेतली. आणि दूरगावच्या माणसाशी खेळायचं म्हणताच टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं उमटली : आधी वर्षाची वर्गणी भरा.

"कसली वर्गणी?" तात्यासाहेबांनी टीव्हीलाच विचारलं. "डबा माझा, खेळ माझा, तार माझी. बटणं दाबणारी बोटंसुद्धा माझीच!"

तीन पोहे-गिरण्यांच्या मालकाला ती वर्गणी जड नव्हती. पण तात्यासाहेब एकदा अडले की अडले.

त्याआधी दोन वर्षं रोज संध्याकाळी ते आणि त्यांचे बालमित्र वासुदेवराव एकाच सोफ्यावर बसून हा फुटबॉल खेळत. दोघंही सत्तरीचे; गोल कमी, भांडणं जास्त. मग वासुदेवराव मुलीकडे इंदूरला राहायला गेले. तिथे त्यांनी तसाच डबा घेतला, वर्गणी भरली आणि रोज फोन करून विचारू लागले, "भरलीस का रे?" महिनाभरानं त्यांनी विचारणं सोडलं. मग फोनही येईनासा झाला.

बंगल्यात स्वयंपाक करणारी सगुणा हे बघत होती. संध्याकाळ झाली की तात्यासाहेब बंद टीव्हीसमोर बसत आणि रात्री अर्ध्या ताटावरून उठत. तिला वाईट वाटे, पण यांना सांगणार कोण?

एके दिवशी तात्यासाहेबांनी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, "ही वर्गणी भरण्याजोगी आहे की नाही, ते मला सांगा. भरून बघायचं नाही. आणि उत्तर अशा माणसाच्या तोंडून यायला हवं, ज्याच्या शब्दावर मी आजवर एकदाही शंका घेतलेली नाही. जो हे जमवेल त्याला मागेल ते देईन."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. ताप आला तर दोन थर्मामीटर लावणारा हा माणूस. असा कोण सापडायचा?

गिरणीच्या व्यवस्थापकानं धीर केला. "साहेब, दिवसाला एका चहाइतकासुद्धा खर्च नाही."

"तुझे आकडे मी स्वतः पुन्हा मांडल्याशिवाय कधी मानलेत का?"

डॉक्टर जावई म्हणाले, "शुद्ध उधळपट्टी आहे, तात्या."

"तुम्ही मला साखर सोडायला सांगता. तुमचं काय ऐकायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा भाचीची रॅकेट, पिसांचं फूल आणि कॅनव्हासचे बूट घेऊन तात्यासाहेबांच्या बॅडमिंटन हॉलवर हजर झाली. दाराशी टेबल टाकून तात्यासाहेब नेहमीसारखे बसले होते.

"तू इथे?"

"खेळायला आलेय, तात्यासाहेब."

"ये की. वर्षाची वर्गणी भर आणि जा आत."

"कसली वर्गणी?" सगुणानं भोळा चेहरा केला. "रॅकेट माझी, फूल माझं, बूट माझे. धावायचं तेही मीच."

आत खेळणारे थांबले. तात्यासाहेबांचा आवाज चढला. "मग घरी जाऊन भिंतीवर मार ते फूल! समोरून परतवणारा कुठून आणशील? इथे लोक पैसे जाळीचे देत नाहीत, जाळीपलीकडच्या माणसाचे देतात."

"असं होय. मग ज्यांनी ज्यांनी भरले, त्या सगळ्यांचे वसूल होतात म्हणायचे?"

"सगळ्यांचे कुठले! तो घड्याळवाला मोहोळकर वर्षाचे भरून दोनदा आला. त्याचे बुडाले. हे गोगटे रोज येतात, त्यांना जवळजवळ फुकटच पडतं."

"आणि माझ्यासारखीला आधी कळायचं कसं, मी मोहोळकर की गोगटे?"

"एवढंही कळत नाही? वर्षाचं घेऊ नये. आधी महिन्याचं घ्यावं. रोज पाय वळले तर पुढचं भरावं, नाही वळले तर सोडून द्यावं."

सगुणानं रॅकेट काखेत धरली आणि हात जोडले. "उत्तर मिळालं, तात्यासाहेब. डब्याची वर्गणी महिन्याचीही मिळते, मी विचारून आलेय. आता या माणसाच्या शब्दावर शंका असेल तर तेवढं सांगा."

"कुठल्या माणसाच्या?"

"आत्ता जे बोलले त्यांच्या. त्यांच्या शब्दावर तुम्ही कधी शंका घेतल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही."

मागे गोगटे खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून उभे राहिले. आणि मग तात्यासाहेब हसत सुटले, इतके की टेबलावरचं पावतीपुस्तक खाली पडलं. डोळे पुसत त्यांनी तिथूनच इंदूरला फोन लावला. "वासू, संध्याकाळी सहाला बस. आणि रडीचा डाव खेळायचा नाही, सांगून ठेवतो."

फोन ठेवून ते सगुणाकडे वळले. "बोल. काय हवं?"

"दुपारी दोन ते चार हॉल कुलपात असतो. तेवढा वेळ गावातल्या बायकांना द्या."

"दिला! आणि वर्गणी माफ."

"माफ कशाला? भरू की," सगुणा बूट उचलत म्हणाली. "पण तुम्ही सांगितलंत तशीच, महिन्याची. तुमचा हॉल कसा आहे, ते आम्हीही आधी बघू."

तात्यासाहेबांना पुन्हा हसू फुटलं आणि हॉलची किल्ली त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या ओच्यात टाकली.