ऐकायचा तास

एका जंगलात एक मुंगी राहायची. आता मुंग्या काय, पाय ठेवाल तिथे दहा सापडतील. पण ही धंद्यातली होती. नाचणी, वरई, राळं, जे दाणे खाली पडतील ते हिच्या सात कोठारांत जायचे आणि पावसाळ्यात अख्खं जंगल हिच्या दारात उभं राहायचं. हिची रांग बघायला लांबून लोक यायचे. दोन मुंग्यांच्या मधे तिसरी मावेल एवढी फट दिसली, की ही मालकीण असूनसुद्धा स्वतः जाऊन त्या फटीत उभी राहायची. फुकट गेलेली जागा आणि फुकट गेलेला वेळ, या दोन गोष्टींनी तिच्या पोटात दुखायचं.

मुंगीचं सगळं जग वासावर. वासाची रेघ धरायची आणि चालायचं. समोर उभं राहून कुणी बोललं तर तिला कळायचं, पण लांबचा आवाज तिच्यापर्यंत पोचायचाच नाही. धंद्यात त्यावाचून तिचं कधी काही अडलं नव्हतं, त्यामुळे आपल्याला काहीतरी ऐकू येत नाही हेही तिला कधी जाणवलं नव्हतं.

त्या जंगलात मोहाच्या झाडाखाली एक शाळा होती. ससे, खारी, मुंगसं, हरणं, सगळ्यांची पोरं तिथे यायची. शिकवायला एकच बाई, टिटवीबाई. पाय काडीसारखे आणि आवाज असा, की वर्गात डुलकी काढायची सोयच नाही. पोरं मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करायची आणि नेमक्या तेव्हाच बाई मागे उभ्या असायच्या.

शाळेला एक समिती होती. नियम असा होता, की समितीवर धंद्यातली मोठी मंडळी घ्यायची, म्हणजे त्यांची हुशारी शाळेच्या कामी येईल. पगार नाही, काही नाही, आपल्या खुशीने यायचं. अध्यक्ष कोल्हा. त्याचा बोरांचा व्यापार होता आणि त्याला खुर्ची फार आवडायची. कशाची आहे ते तो बघायचा नाही. दुसरी मधमाशी. ती मध विकायची, मीटिंगला उशिरा यायची, बसायच्या आधीच हो म्हणायची आणि निघून जायची. तिसरी जागा रिकामी होती. कोल्ह्याने मुंगीला विचारलं आणि मुंगीने त्याचं बोलणं संपायच्या आत होकार दिला.

कोल्ह्याला वाटलं, हिला मान हवा असेल. तसं नव्हतं. मुंगी जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रांगेत लागली होती. शाळा तिने कधी आतून बघितलेली नव्हती. दाणा डोक्यावर घेऊन मोहाच्या झाडाखालून जाताना तिला पोरांचे पाय दिसायचे, एका जागी मांडी घालून बसलेले, आणि तिला काहीतरी व्हायचं. काय व्हायचं ते तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायला वेळ कुठे होता.

आणि खोटं कशाला बोला, तिने शाळेसाठी खूप केलं. छप्पर गळायचं, तिने साठ मुंग्या लावून पळसाची पानं चिकटवून घेतली. आधी अर्धी पोरं उपाशी यायची, आता दुपारी सगळ्यांना मूठभर राळं मिळू लागलं, तेही तिच्या कोठारातून. पोरं तिला मुंगीमावशी म्हणायला लागली. कुणी हाक मारली, की ती लगेच कामाचं काहीतरी विचारायची, कारण नाहीतर तिचा आवाज चिरकायचा.

फक्त एक होतं. समितीची मीटिंग कायम शाळा सुटल्यावर व्हायची. ती तिथली रीतच होती. सकाळी सगळ्यांचे धंदे असायचे ना. त्यामुळे समितीतल्या एकानेही वर्ग भरलेला कधी बघितला नव्हता.

मुंगीच्या कोठारापासून शाळा लांब, म्हणून मीटिंगच्या दिवशी पहिलीतली ससुली तिला न्यायला यायची. एवढीशी ससुली आणि तिच्याहून लांब तिचे कान. मुंगी तिच्या डाव्या कानाच्या टोकावर बसायची आणि ससुली मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून उड्या मारत जायची. मावशी ओरडली, की म्हणायची, "रस्ताच तसा आहे, मी काय करू?" रस्ता चांगला सपाट होता.

एकदा अशीच जाता जाता ती थांबली. कान उभे केले. मुंगी पडता पडता वाचली.

"मावशी, ऐका. सातभाई भांडतायत."

सातभाई म्हणजे ते मातकट रंगाचे पक्षी, सात-आठांच्या टोळीने फिरतात आणि दिवसभर एकमेकांशी कचाकचा भांडतात. मुंगीला काहीच ऐकू आलं नाही. तिने विचारलं, भांडतायत तर आपल्याला काय?

ससुलीने मोठ्या बाईसारखं समजावून सांगितलं. शाळेत सकाळी पहिला ऐकायचा तास असतो. डोळे मिटायचे आणि नुसतं ऐकायचं. सातभाईंचे सूर दोन. एक भांडणाचा, तो ऐकला की आपण आपलं खेळत राहायचं. "आणि दुसरा पण आहे," ती म्हणाली, "पण तो बाई पुढच्या आठवड्यात शिकवणार. एका वेळी एकच सूर. नाहीतर डोक्यात खिचडी होते म्हणे."

मुंगी बरं म्हणाली. तिच्या डोक्यात त्या दिवसाच्या मीटिंगचं चाललं होतं.

कारण त्या मीटिंगला तिने टिटवीबाईंकडून तासांची यादी मागवली होती. कुठल्या तासात पोरं काय करतात आणि त्यातून काय मिळतं. पोहण्याच्या तासापुढे लिहिलं होतं, नदी ओलांडता येते. झाडपाल्याच्या तासापुढे, विषारी पानं ओळखता येतात. ऐकायच्या तासापुढे जागा कोरी होती. रोजचा अख्खा एक तास, सकाळचा, डोकं ताजं असतानाचा, आणि पुढे कोरं. मुंगीच्या पोटात दुखायला लागलं.

तिने विचारलं, या तासात पोरं करतात काय? बाई म्हणाल्या, बसतात. बसून? ऐकतात. बरं, त्यातून मिळतं काय?

टिटवीबाईंनी खूप वेळ विचार केला. त्यांना चटकन बोलता यायचं ते फक्त पोरांशी. मोठ्यांसमोर त्यांची जीभ अडखळायची.

"आजपर्यंत काही झालं नाही," त्या म्हणाल्या, "तेच मिळतं."

कोल्हा खो-खो हसला. म्हणाला, मग आमचा बोरांचा धंदापण असाच करू, नुसतं बसू आणि काही झालं नाही म्हणून आनंद मानू. मुंगी हसली नाही. तिला बाईंची कीव आली. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, की माझ्या रांगेत जिथे काही होत नाही, तिथे मी कामाचं माणूस उभं करते. या तासाला आपण बीळ खणायला शिकवू. ज्याला बीळ खणता येतं, त्याला आयुष्यभर घर आहे. वाईट काय सांगते आहे मी?

टिटवीबाईंनी फक्त एक मागितलं. "एकदा सकाळी येऊन बसा. एकच दिवस. मग काय ते ठरवा."

मुंगीने मनापासून हो म्हटलं. पण सकाळी कोठारं उघडायची असतात. दुसऱ्या दिवशी राळं आलं, तिसऱ्या दिवशी वरई आली. चौथ्या दिवशी मधमाशी दारावरून जाता जाता हो म्हणून गेली, कोल्हा तर आधीच हो होता, आणि ऐकायचा तास बंद झाला. बाईंना समितीत मत नव्हतं. पुढचा आठवडा अजून उजाडायचा होता.

बीळ खणायचा तास मात्र जोरात चालला. महिन्याभरात शाळेमागचा माळ चाळणीसारखा झाला. आईबाप खूश, कोल्हा तर असा फिरायचा जसा काही त्यानेच नखं झिजवलीत. ससुलीचं बीळ सगळ्यांत खोल. मुंगी ते बघायला मुद्दाम आत जाऊन आली आणि बाहेर येऊन म्हणाली, की असं काम माझ्याकडच्या जुन्या मुंग्यांनाही जमत नाही. ससुली दिवसभर कान टवकारून मिरवत होती.

मग समितीने ठरवलं, की हे शेजारच्या जंगलालाही दाखवायचं. मुंगी म्हणाली, आकडे बाईंनीच सांगावेत, त्यांचा मान आहे. शेजारच्या मंडळींना सकाळीच सवड होती, म्हणून एक मीटिंग पहिल्यांदाच सकाळी ठेवली, ओढ्यापलीकडे कोल्ह्याच्या बोरीखाली. बाई म्हणाल्या, पोरांना एकटं कसं सोडू? मुंगीने सांगितलं, खणतच तर असतात, तासाभराचा प्रश्न आहे.

बाई आल्या. किती बिळं, किती खोल, हे वाचायला सुरुवात केली. आणि एका आकड्यावर थांबल्या. मान वळली, गळ्याची पिसं ताठ झाली. ना रामराम, ना काही, तशाच उडाल्या आणि ओरडत ओढ्यापलीकडे गेल्या.

कोल्ह्याचे कान नुसते हलले. तो म्हणाला, काही नाही, सातभाई आहेत. मुंगीला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. तिला फक्त एवढं दिसलं, की बाई वाक्य अर्धं टाकून गेल्या, आणि तिला जरा राग आला. तो राग पुढे तिला जन्मभर आठवत राहिला.

शाळेत काय झालं ते खारीच्या पोराने सांगितलं. ते तिसरीत होतं, त्याचे दोन्ही सूर शिकून झाले होते.

पोरं खणत होती. करवंदीच्या जाळीवर सातभाई ओरडायला लागले. सगळेच्या सगळे, त्याच एका जाळीकडे तोंड करून, न थांबता, एकाच सुरात. तो दुसरा सूर. त्याचा अर्थ जाळीत कुणीतरी दबा धरून बसलंय. मोठी पोरं ऐकल्याबरोबर पळाली. खारीचं पोर झाडावर चढता चढता खालच्यांना म्हणालं, पळा.

तेव्हा ससुलीने बिळातून डोकं वर काढलं. पहिलीतली पोरं घाबरून तिच्याकडे बघत होती. तिला सातभाई माहीत होते ना. ती त्यांना म्हणाली, "घाबरू नका रे. भांडतायत ते. आपण आपलं खेळायचं."

आणि जाळीतून रानमांजर आलं.

टिटवीबाई पोचल्या, मांजराच्या डोळ्यांवर धावून गेल्या, म्हणून बाकीची वाचली. ससुली नाही वाचली. तिचं बीळ सगळ्यांत खोल होतं, पण ती त्यात परत शिरली नाही. छोट्यांना हाताला धरून खेळायला बसवत होती.

मुंगी चालत चालत शाळेत पोचेपर्यंत दुपार झाली. त्या दिवशी तिला न्यायला कुणी नव्हतं. तिला वाटलं होतं, ससुलीची आई आपल्याला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती माउली मुंगीसमोर वाकली आणि म्हणाली, "तुमच्यामुळे माझं लेकरू रोज जेवलं हो, मावशी."

कोल्ह्याने तातडीची मीटिंग घेतली. ससुलीच्या नावाने बीळ खणायचं बक्षीस ठेवू, असं तो म्हणाला. मधमाशी हो म्हणाली आणि गेली. मुंगी पहिल्यांदाच नाही म्हणाली. तिने ऐकायचा तास परत सुरू करायला लावला आणि मग टिटवीबाईंना सांगितलं, की मी समिती सोडते, तुम्हाला तोंड दाखवायला मला जागा नाही.

बाई रडून रडून बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "सोडू नका. सकाळी या."

दुसऱ्या दिवशी सात कोठारांपुढे रांग खोळंबून उभी राहिली. मालकीण आलीच नाही. ती अंधार सरायच्या आत निघाली होती, आणि मोहाच्या झाडाखाली पहिलीच्या शेवटच्या ओळीत, जिथे एक जागा रिकामी होती, तिथे जाऊन बसली. जागा तिच्या मानाने फार मोठी होती. बाईंनी हजेरी घेतली. एका नावापाशी थांबल्या, ते घेतलंच, थोडा वेळ वाट बघितली आणि पुढे गेल्या. मग म्हणाल्या, डोळे मिटा, आज सातभाईंचा दुसरा सूर.

तास संपल्यावर त्यांनी एकेकाला विचारलं, काय ऐकलं. सगळ्यात शेवटी मुंगीजवळ येऊन वाकल्या.

"मला काहीच ऐकू आलं नाही, बाई," मुंगी म्हणाली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "उद्या या."

ती दुसऱ्या दिवशीही आली आणि तिसऱ्याही. तिला कधीच काही ऐकू आलं नाही. पण त्यानंतर समितीच्या मीटिंगमधे कुठल्याही तासापुढची जागा कोरी दिसली, की कोल्ह्याच्या आधी तीच बोलायची, आणि दर वेळी एवढंच बोलायची, की आधी आपण सकाळी जाऊन बसू.

तात्पर्य : दुसऱ्याच्या कामात मदत करायला जाल, तर आधी तिथे जाऊन बसा आणि ते काम बघा. जे आपल्याला ऐकू येत नाही ते नसतंच, असं समजून कात्री चालवली, तर ती दुसऱ्याच्याच लेकराला लागते.