विसावामायेच्या बोलवाणाची कहाणी

अक्षता हातात घ्या, बायांनो, आणि ऐका. ऐका विसावामाये, तुमची कहाणी.

नदीच्या वळणावर एक आटपाट नगर होतं. तिथं तांबटांची आळी होती. सकाळी ठोकाठोकी सुरू व्हायची, ती दिवस मावळला म्हणजे थांबायची. त्या आळीत साळू नावाची तांबटीण राहत होती. नवरा कष्टाळू होता. कणगीत धान्य होतं, गोठ्यात दुभतं होतं. पण साळूच्या जिवाला विसावा नव्हता. खाल्लेलं अंगी लागेना, हातातलं काम तडीस जाईना. आळीतल्या बायका म्हणत, आपले हातोडे संध्याकाळी तरी थांबतात, हिच्या डोक्यातले थांबत नाहीत.

असं का झालं? साळूला एकुलती एक लेक होती. तिचं नाव चिमा. ती नदीपलीकडच्या गावी दिली होती. सासर गरिबीचं, पण माणसं मायेची. दिवाळीला चिमा माहेरी आली. सासूनं दिलेलं जाडंभरडं लुगडं हौसेनं नेसून आली. शेजारणी पंगतीला होत्या. साळू वाढता वाढता म्हणाली, "लेक दिली तिथं दोन वेळा चूल पेटते, एवढंच आमचं समाधान." बायका हसल्या. चिमानं हातातला घास पानात ठेवला, हात धुतला, आणि मिळेल त्या नावेत बसून सासरी गेली.

पुढं चिमाला दिवस गेले. सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. साळूनं लेकीला माहेरी आणायला मूळ धाडलं. मूळ हात हलवत परत आलं. पुन्हा धाडलं, पुन्हा तेच झालं. चिमानं निरोप दिला होता, आईला सांगा, माझी चूल इथं बरी पेटते आहे. साळूनं तो ऐकला. लेकीची पहिली खेप, आणि आई जवळ नाही. काही उणंअधिक झालं तर? पण चूक आपली, हे तिच्या मनात येईना. लेक मानी, लेक हट्टी, असंच ती घोकीत राहिली.

मग श्रावण आला. साळू नदीवर भांडी घासायला गेली. पाहते तो काय, काठावर बायका ओळीनं बसल्या आहेत. प्रत्येकीपुढं तांब्या आहे, तांब्यात गढूळ पाणी आहे. कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही. साळूनं विचारलं, "बायांनो, हे काय करता?" त्या म्हणाल्या, "आम्ही विसावामायेच्या बोलवाणाचा वसा वसतो." साळू म्हणाली, "त्यानं काय होतं?" त्या म्हणाल्या, "तळमळणारा जीव निवतो. दुरावलेलं माणूस जवळ येतं." साळू म्हणाली, "तो वसा मला सांगा." बायका म्हणाल्या, "तुला नको, बाई. चार दिवस करशील, मग कंटाळशील." साळू म्हणाली, "कंटाळत नाही. अर्ध्यावर सोडत नाही."

मग बायकांनी वसा सांगितला. श्रावणातल्या सोमवारी सुरुवात करावी. आपल्याहून थोर बाईच्या पाया पडावं. तिच्याकडून एक चांगला बोल वाण म्हणून मागून घ्यावा. तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावावा. नदीचं पाणी तांब्यात घ्यावं, समोर ठेवावं, आणि ते निवळेपर्यंत उगी बसावं. घेतलेला बोल मनात फिरवावा. आज आपण त्याला धरून वागलो का, हे आपलं आपल्याला विचारावं. महिना झाला म्हणजे उद्यापन करावं. ज्यांनी बोल दिले त्यांना जेवू घालावं. एवढं मात्र सांभाळावं, बोल आपल्यासाठी मागितला, तो दुसऱ्याला मारू नये. मारला की वसा मोडला.

साळूनं वसा घेतला. ती कोष्ट्यांच्या आजीकडे गेली, पाया पडली. आजीनं बोल दिला, "आधी ऐकून घ्यावं, मग बोलावं." साळू घरी आली. नवरा जेवायला बसला. म्हणाला, अगं, आमटीत मीठ जास्त पडलंय. साळू म्हणाली, "आधी ऐकून घ्यावं, मग बोलावं. मी मीठ घालत होते तेव्हा तुम्हीच हाकांवर हाका मारत होता." नवरा पानावरून उठला. त्या दिवसापासून तो भाकरी बांधून घेऊ लागला आणि भट्टीपाशीच खाऊ लागला.

मग ती गुरवांच्या थोरलीकडे गेली. तिनं बोल दिला, "जे मिळालं त्याचे आधी उपकार मानावे." साळू परतली, तो शेजारची कासारीण दारात रडत बसलेली. तिच्या दोन गाईंतली एक दगावली होती. साळू म्हणाली, "रडतेस काय? जे मिळालं त्याचे उपकार मान. एक गाय शिल्लक आहे ना?" कासारणीनं डोळे पुसले, दार लावून घेतलं. मग ती विस्तव मागायलासुद्धा साळूकडे येईनाशी झाली.

मग ती सुईणआजीकडे गेली. आजीनं बोल दिला, "राग पोसू नये, तो पोसणाऱ्यालाच खातो." साळूला वाटलं, हा तर माझ्या चिमेसाठीच आला. तिनं नावाड्याला थांबवलं. निरोप दिला, चिमेला सांग, राग पोसू नये, तुझी आई सांगते आहे. नावाडी गेला, नावाडी आला. चिमा म्हणाली होती, आता मूळ नको आणि निरोपही नको. बाळंतपण इथंच होईल. बारशाचं बोलावणंही येणार नाही.

साळू निरोप ऐकून घरी आली. तिन्हीसांज झाली. दिवा लावला, तांब्या समोर ठेवला. पाणी निवळेना. बसून बसून पायाला मुंग्या आल्या, तरी पाणी गढूळच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग ती तांब्या घेऊन नदीवर गेली. काठावर बायका नव्हत्या. एक म्हातारी तेवढी पाय पाण्यात सोडून बसली होती.

साळू म्हणाली, "आजी, मी वसा घेतला. मला फळ का नाही?"

म्हातारी म्हणाली, "बोल घेतलेस का?"

"घेतले. चांगल्या चांगल्या बायकांकडून घेतले."

"मग ठेवलेस कुठं?"

साळू म्हणाली, "ठेवायचे कशाला? ज्याला जो लागू पडला, त्याला तो सांगितला."

म्हातारी हसली. म्हणाली, "औषध तुला दिलं, पोरी, आणि पाजलंस गावाला. ताप कुणाचा उतरायचा?"

साळूची मान खाली गेली. तिनं म्हातारीचे पाय धरले. म्हणाली, "मी चुकले. आता कुणाकडून बोल मागू?" म्हातारी म्हणाली, "मागू नकोस. दिवाळीला लेकीला जे म्हणालीस, तोच बोल घे. पाण्यापुढं बैस. आई होऊन बोललीस, आता लेक होऊन ऐक." इतकं बोलून म्हातारी उठली आणि काठाकाठानं चालू लागली.

साळू घरी आली. दिवा लावला, तांब्या ठेवला, उगी बसली. स्वतःचा बोल आठवला. पहिल्या दिवशी मन म्हणालं, त्यात एवढं काय, गंमत होती. दुसऱ्या दिवशी मन म्हणालं, खोटं का आहे, गरिबी आहेच. तिसऱ्या दिवशी मन काही म्हणालं नाही. साळूला पंगत दिसली. हसणाऱ्या बायका दिसल्या. तोंडाशी नेलेला घास पुन्हा पानात ठेवणारा हात दिसला. त्या हातातला नवा चुडा दिसला. साळूला हुंदका फुटला. ती पोटभर रडली. डोळे पुसून पाहते, तो तांब्याचा तळ लख्ख दिसत होता.

उजाडताच ती नावेत बसली. बरोबर मूळ नाही, निरोप नाही. लेकीच्या दारी आली. विहीण पुढं झाली, पाय धुवायला पाणी दिलं. चिमा चुलीपुढं बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही. साळूच्या जिभेवर शहाणपणाचे पुष्कळ बोल आले. तिनं ते गिळले. चुलीपाशी जाऊन बसली.

म्हणाली, "चिमे, मी तुझ्या पानावर बोलले. तुझ्या तोंडचा घास अडवला. तुला आणि तुझ्या घराला चारचौघींत हलकं केलं. माझं चुकलं. तू ये, असं म्हणायला मी आले नाही. एवढंच सांगायला आले."

चिमानं चुलीत काटकी सारली. फुंकणी घेऊन जाळ करत राहिली. मग म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

"नाही."

विहीण म्हणाली, "अहो विहीणबाई, नातवंडाचं तोंड पाहिल्याखेरीज लेकीच्या घरी जेवत नाहीत. तुमच्या आळीला कळलं तर?"

साळू म्हणाली, "रीत मला ठाऊक आहे. पण भूक लागली आहे, आणि भाकरीचा वास चांगला येतो आहे."

विहीण पदर तोंडाला लावून हसली. चिमा हसू लागली आणि रडूही लागली. तिनं तव्यावरची भाकरी ताटात घातली, वर लसणीची चटणी घातली, ताट आईपुढं सरकवलं. साळूनं ताटाला हात जोडले. लेकीचे, विहिणीचे, त्या घराचे मनात उपकार मानले, आणि पोटभर जेवली.

मग विहीणच म्हणाली, सुनबाई, आईबरोबर जा, आठ दिवसांनी मीही येते. चिमा माहेरी आली. दिवस भरले, सुखरूप सुटका झाली. मुलगी झाली. विहिणीच्या मांडीवर बारसं झालं.

मग साळूनं उद्यापन मांडलं. कोष्ट्यांची आजी आली, गुरवांची थोरली आली, सुईणआजी आली. कासारणीच्या दारात साळू स्वतः गेली, तिच्या गाईसाठी तिच्याजवळ बसून रडली, मग तिला हाताला धरून घेऊन आली. नवऱ्याला म्हणाली, आज भट्टी विझवा, पंगतीला बसा, आणि मीठ कमीजास्त असेल तर आधी सांगा. नवरा म्हणाला, अगं, आज बेताचं आहे. नदीकाठच्या म्हातारीला फार शोधलं. कुणी तिला पाहिलं नव्हतं, कुणी ओळखत नव्हतं. मग साळूनं ओळखलं, ती विसावामाय होती. तिच्या नावानं एक पान वाढून ठेवलं.

जेवणं झाली. बायका म्हणाल्या, साळूबाई, तुमचा वसा पुरा झाला. आता तुम्ही थोर झालात. आम्हांला एक बोल वाण द्या. साळूनं हात जोडले. म्हणाली, "तुम्ही मला दिलेत, तेच अजून वापरून व्हायचे आहेत." आणि ती उष्टी काढायला उठली.

विसावामाये, साळूचा जीव जसा निवाला, दुरावलेली लेक जशी घरी आली, तसा ऐकणाऱ्यांचा, सांगणारीचा, वाट पाहणाऱ्या सगळ्यांचा जीव निवव. जे दिलंस त्याचे उपकार मानण्याची बुद्धी दे. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली. देवीच्या पायाशी वाहिली. सुफळ झाली, संपूर्ण झाली.