हाताची घडी

तालमीचे अध्यक्ष आबासाहेब डफळे म्हणजे सव्वाशे किलोचं प्रस्थ. तालमीमागच्या खोलीत वत्सला केंजळे मुलींना आयकिडो ही जपानी बचावाची कला शिकवायची, ते त्यांच्या डोळ्यांत खुपे. एके दिवशी ते गरजले, "बाई, रविवारी माझ्याशी दहा मिनिटं लढा. हरलात तर खोली सोडा!"

रविवारी गाव लोटलं. वत्सला पवित्रा घेऊन उभी राहिली. पण खोलीची किल्ली कमरेला खोचून आलेले आबासाहेब चटईवर हाताची घडी घालून उभे राहिले.

"तुम्ही म्हणे समोरच्याचाच जोर त्याच्यावर उलटवता. मग मी जोर लावतच नाही! पाडा आता."

लोक खदखदून हसले. वत्सलाने मात्र सुटकेचा श्वास सोडला, वाकून नमस्कार केला आणि तीही स्वस्थ उभी राहिली. दहा मिनिटांनी पंचांची शिट्टी वाजली.

"पडलो का मी?" आबासाहेबांनी विचारलं.

"नाही. पण पाडायला मी शिकवतच नाही, आबासाहेब. आपल्या अंगावर कुणाचा हात पडू नये, एवढंच शिकवते. तुमच्यासारख्या पैलवानाचा हात दहा मिनिटं घडीतून सुटला नाही. आणखी काय जिंकायचं?"

पंचांनाही हसू आवरेना. आबासाहेबांची घडी अखेर सुटली, ती किल्ली पुढे करायला.