गडगड्या सरदाराची कुऱ्हाड

फार जुनी गोष्ट आहे. तीन दिवाळ्या तरी उलटल्या असतील. युद्धाच्या खेळाच्या एका खोक्यात रानटी टोळीचे वीस प्लास्टिकचे योद्धे राहत. त्यांचा सरदार गडगड्या साच्यातूनच कुऱ्हाड उगारून आला होता.

खेळ संपला की सगळे खोक्यात आडवे होत. गडगड्या मात्र मधोमध उभा. “सरदार कधी आडवा होत नसतो!”

“अहो सरदार, झाकण लागत नाही,” ढोलवाला कळवळून म्हणाला. “काल माझ्या ढोलावर झुरळ झोपलं होतं.”

“मग झाकणाने वाकावं!”

त्या संध्याकाळी खोक्याची मालकीण ओवी वैतागून झाकणावर चक्क बसली. कटकन कुऱ्हाड मोडली.

बिनकुऱ्हाडीचा सरदार लढाईत काय कामाचा? ओवीने त्याला दिवाळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, रस्त्याकडेला उभं केलं. शेजारी मातीची भाजीवाली होती, समोर पत्र्याची बस. रिकामा हात उंच धरून गडगड्या गरजला, “आहे का कुणाची हिंमत माझ्यासमोर यायची?”

भाजीवाली म्हणाली, “ओरडता कशाला, दादा? तुमचा हात बघून बस थांबलीय की. चढा!”